एका दिवसात संपूर्ण मुंबई

"आता सगळ्यांनी डावीकडे बघायचं! डावीकडे समुद्र, शेजारी सौभाग्यवती. दोन्हीपासून जपून राहा, दोन्ही कधी खवळतील सांगता येत नाही!"

बस हसली. या विनोदावर बस हसली नाही असा दिवस माझ्या नोकरीत उगवला नव्हता. बेचाळीस जणांपैकी एक्केचाळीस माना डावीकडे वळल्या आणि एक मान उजवीकडेच राहिली.

मुंबई दर्शनच्या बसवर गाईड होऊन मला चार वर्षं झाली होती. वय अठ्ठावीस. तोंड चालवणं हीच माझी नोकरी, आणि ते फार छान चालतं असा माझा समज होता. प्रवासी न हसला तर मला चैन पडत नसे. मी माईक तोंडाजवळ धरला.

"तिसऱ्या रांगेतल्या ताई! समुद्र इकडे आहे. तिकडे नुसती माणसं आहेत, ती गावाकडेही मिळतात!"

पुन्हा हशा. ताई हसल्या नाहीत, वळल्याही नाहीत. पस्तीस-छत्तीसची बाई, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. रस्त्यापलीकडे गटाराचं खोदकाम चाललं होतं, तिथल्या एकेका मजुराकडे ती बघत होती. तिच्या शेजारचा टोपीवाला माणूस अर्धवट उठला आणि हात जोडून म्हणाला, "आसू द्या सायब. तिला मानसंच बगायची हायती."

महालक्ष्मीला बस थांबली, लोक देवळात गेले. मी चहा घेत होतो तिथे तो टोपीवाला आला. नाव बिरू मेटकरी, सांगोल्याकडचा. सोबतची ती त्याची भावजय, हौसाबाई.

"माजा थोरला भाऊ, सिदराम," तो म्हणाला. "दुष्काळात मुंबैला आला. गोदीत हमाली लागली म्हून येक पत्र आलं. तवापास्नं पत्ता न्हाई. या शिमग्याला बारा वरसं भरली."

"पोलिसांत?"

"समदं झालं. पोलिस झालं, देवरुषी झाला, पेपरात फोटू झाला. आता पोरगीचं लगीन ठरलंय. ती मानसं म्हनत्यात, मुलीचा बाप हाय का न्हाई येवडं सांगा. आईच्या कपाळाला कुंकू आन बापाचा पत्ता न्हाई, आसं चालनार न्हाई. बामन म्हनला, बारा वरसं झाली की दर्भाचा मानूस करायचा, त्येला अग्नी द्यायचा, मंजी सुटलं. अवसंला ठरवलंय. ही म्हनली, त्येच्या आदी मला येकदा मुंबै बगू द्या."

"मग आज एका दिवसात...?"

तो ओशाळला. "दादरला उतरलो तवा तुमची फळी बगितली. मी वाचून दावली. ही म्हनली, हितलंच तिकीट काडा."

आमच्या बसच्या दर्शनी फळीवर पिवळ्या अक्षरात लिहिलेलं होतं: एका दिवसात संपूर्ण मुंबई. मालकाच्या मेव्हण्याला सुचलेली ओळ. संपूर्ण म्हणजे अकरा ठिकाणं आणि शेवटी लाँचमधून अर्ध्या तासाची समुद्रफेरी.

एवढ्यात ती स्वतःच आली. देवळात गेली नव्हती. पायऱ्यांशी उभी राहून उतरणाऱ्या-चढणाऱ्यांचे चेहरे बघत होती.

"दादा, ही बस समदी मुंबै दावती न्हवं?"

"हो, म्हणजे..."

"गोदी हाय? हमाल ऱ्हात्यात त्या चाळी हायत्या?"

माझ्या तोंडाशी एक विनोद आला होता. तो मी गिळला. आयुष्यात गिळलेला बहुधा पहिलाच. तिला खरं सांगावं असंही वाटेना. "बघू या, जमेल तेवढं दाखवतो," म्हणालो.

"मला त्येंला न्ह्यायचं न्हाई, दादा," ती म्हणाली. "भांडान न्हाई, काय न्हाई. आपल्या मनानं आलं तर यिऊ द्यात, न्हाई तर न्हाई. जित्तं हायती येवडंच कळू दे. मंजी पुतळा जाळाया नको. पोरगीच्या अंगाला मला माज्या हातानं हळद लावायची हाय. पुतळा जळला तर मला मांडवात कोन घेतंय? लांबनं बगायचं."

तिने कनवटीची एक पुडी सोडली. आत जत्रेतला फोटो होता. पुठ्ठ्याच्या मोटारीत बसलेलं जोडपं. नवरा काटकुळा, फेटा सैल, आणि उजवी भुवई मधोमध तुटलेली. "बैलाचं शिंग लागल्यालं," ती म्हणाली. "ती खूण काय जायाची न्हाई."

आता इथे दुसऱ्या कुणी गाईडने काय केलं असतं? हळहळला असता आणि पुढच्या ठिकाणाची घोषणा केली असती. मी तसा नव्हतो. मला प्रत्येक गोष्टीचा कार्यक्रम करायची खोड. बस सुटल्यावर मी माईक घेतला आणि सगळी हकिकत सांगून टाकली. छान सांगितली. दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "तर मंडळी," मी म्हणालो, "आज इमारती नेहमीच्याच आहेत. आज आपण सगळ्यांनी मिळून एक माणूस शोधायचा!"

फोटो हातोहात फिरला आणि बस पेटलीच. खामगावचे एक निवृत्त गुरुजी तर चष्मा पुसून खिडकीत गुडघे टेकून बसले. "तो बघा, तो हातगाडीवाला!" "अहो, तो केळेवाला!" "ताई, लवकर, तो सायकलवर!" जो तो ओरडत होता. आमचा ड्रायव्हर पास्कल एरवी स्वतःच्या मामासाठी ब्रेक दाबणार नाही, पण त्या दिवशी त्याने चार वेळा गाडी हळू केली.

आणि प्रत्येक वेळी ती शांतपणे म्हणायची, "न्हवं."

मी वाट वाकडी करायला लावली. गोदीच्या भिंतीकडेने बस नेली. मालकाला कळलं असतं तर माझी चंपी झाली असती. फाटकातून दुपारच्या पाळीचे लोक बाहेर पडत होते. चाळीस-पन्नास माणसं बसमधून त्यांच्याकडे आ वासून बघतायत म्हणून तेही आमच्याकडे बघू लागले. ती खिडकीचे गज धरून उभी राहिली. एकेक चेहरा आला आणि गेला. फाटक लागलं. "न्हवं," ती म्हणाली आणि खाली बसली.

जेवणानंतर बसचा उत्साह ओसरला. उन्हं चढली, पोरं पेंगली, बायकांना म्हातारीच्या बुटापाशी फोटो काढून हवे होते. गुरुजी घोरायला लागले. माणूस शोधायचा आहे हे लोक विसरले आणि मीही थोडा विसरलो. नट-नट्यांच्या बंगल्यांची रोजची यादी सुरू केली. एकटी तीच दमली नव्हती.

मत्स्यालयातलं मला अजून दिसतं. तिथे काचेच्या मोठ्या टाक्यांमधून मासे फिरत होते, लोक "अगं बाई" करत होते. ती एका टाकीच्या कडेला उभी होती आणि पाण्यातून पलीकडच्या लोकांचे चेहरे बघत होती. पाण्यातून बघितलेला चेहरा कसा हलतो, पसरतो, तुटतो. तशा तुटक्या चेहऱ्यांतून ती कुणाला तरी हुडकत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "ताई, जरा बसा. पाणी प्या."

"किती जागा ऱ्हायल्या, दादा?"

"दोनच. म्युझियम आणि बोट."

"बरं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच भीती दिसली.

गेटवेला आलो तेव्हा साडेचार झाले होते. बिरू पाण्यात यायला तयार नव्हता. "विहिरीत उतरताना माजं डोळं फिरत्यात सायब, मी हितंच बसतो," म्हणून तो कठड्यावर बसला. ती एकटी आली.

आमची लाँच ठरलेली असायची. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, लाँच वर-खाली होत असते, म्हणून एक खलाशी मधे पाय रोवून उभा राहायचा आणि एकेकाचं मनगट धरून आत ओढून घ्यायचा. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. मीही अण्णाच म्हणत होतो. तीन वर्षं रोज भेट. तंबाखूची देवाणघेवाण, "काय अण्णा, आज भरती का?" एवढंच बोलणं. तो कमी बोलायचा, माझी हरकत नव्हती. दोघांच्या वाटचं मी एकटाच बोलायचो. त्याच्या डोक्याला बारा महिने तेलकट टोपी असायची, पार डोळ्यांपर्यंत ओढलेली.

हौसाबाईची पाळी आली तेव्हा मी तिच्या मागे होतो. तिने हात पुढे केला. अण्णाने मनगट धरलं. लाँच एकदा वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, तरी त्याने तिला ओढलं नाही. मागचे ओरडले, "अहो, घ्या की!" मग तो भानावर आल्यासारखा म्हणाला, "चला बाई, फुडं सरका," आणि तिला आत घेतली. ती पुढे सरकली. खालच्या डेकवर अगदी पुढच्या बाकावर जाऊन बसली. त्यानंतर तिने कुणाच्याच चेहऱ्याकडे बघितलं नाही.

मला यातलं काही तेव्हा कळलं नाही. मी माईक जोडत होतो.

लाँच सुटली. मी सुरू झालो. हे ताजमहाल हॉटेल, इथे चहा पिण्यापेक्षा म्हैस घेतलेली परवडते. ही नौदलाची जहाजं, फोटो काढू नका, काढलात तर मला ओळख दाखवू नका. वारा सुटला होता. लोक पुन्हा ताजेतवाने झाले होते. पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली. ती समोर पाण्याकडे बघत बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि शेजारची जागा तिने जवळची पिशवी ठेवून अडवली होती. एका बाईने बसू का विचारलं तर ती म्हणाली, "मानूस यायचं हाय."

परतीला लाँच वळली. अण्णा मागच्या बाजूला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता. तो उठला. टोपी काढून त्याने कपाळाचा घाम पुसला आणि टोपी खिशात कोंबली. मग स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन तो बाकांच्या मधून पुढे यायला लागला. कुणा बाईला उलटीबिलटी झाली असेल असं मला वाटलं. मी सहज त्याच्याकडे बघितलं.

उजवी भुवई मधोमध तुटलेली.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, भयंकर आनंद झाला. दिवसभर चाळीस माणसांनी जो शोधला तो मी शोधला होता! माझ्या हातात माईक होता. मी पुढे होऊन त्याचा दंड पकडला. पेल्यातलं पाणी त्याच्या पायांवर सांडलं.

"मंडळी!" मी ओरडलो. "मंडळी, थांबा! सकाळपासून आपण ज्याला शोधतोय... ताई, इकडे बघा! हौसाबाई! हे बघा कोण आहे!"

लोक बाकांवर चढले. "कुठे? कुठे?" "सापडला!" "अरे, हाच का तो?" वरच्या डेकवरची माणसं जिन्यात गोळा झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. एक तरुण कॅमेरा घेऊन पुढे घुसला. "बायको-पोरांना टाकून आला, बघा कसा धडधाकट आहे," असं मागून एक बाई मोठ्याने म्हणाली. "वाजवा कानाखाली!" दुसरी म्हणाली.

आणि मी काय केलं? मी माईक अण्णाच्या तोंडासमोर धरला. "बोला, अण्णा. ओळखता ना यांना?"

ती उभी राहिली होती. दोघांच्या मधे चार हातांचं अंतर होतं. अण्णाने तिच्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, त्या माणसांच्या भिंतीकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"न्हाई," तो म्हणाला. ते माईकवरून सगळ्या लाँचभर ऐकू गेलं. "मी वळकत न्हाई."

टाळ्या थांबल्या. इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. सगळे तिच्याकडे वळले. ती त्याच्याकडे बघत होती, पण सकाळपासून जशी माणसं बघत होती तशी नव्हे. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"न्हवं," ती म्हणाली. "हे न्हवंत."

"अहो पण ताई, ती भुवई..."

"न्हवं म्हनलं न्हवं का, दादा. सोडा त्येंला."

मी त्याचा दंड सोडला. तो रिकामा पेला घेऊन मागे गेला. लोक हिरमुसून आपापल्या जागी बसले आणि मी, मला स्वतःची शिसारी येते हे सांगताना, मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. कोणता तो आठवत नाही. लोक हसले एवढं आठवतं.

उतरताना अण्णा धक्क्यावर हात द्यायला नव्हता. दुसराच कुणी होता.

बिरू धावत आला. "गावला का?"

ती पिशवी सावरत राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं. मला सगळं सांगता आलं असतं. तिथेच, दहा पावलांवर तो माणूस इंजिनाच्या खोलीत दडून बसला होता. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

दादरला बस रिकामी झाली. ती शेवटी उतरली. बिरू सामान घ्यायला पुढे गेला तेव्हा मी तिला गाठलं. "ताई, खरं सांगा. तेच ना?"

"हात धरला तवाच कळलं," ती म्हणाली. "लई खरबरीत झालाय. दोर वडून वडून आसंल."

"मग नाही का म्हणालात? जिवंत आहेत एवढंच तर हवं होतं ना तुम्हाला?"

"त्येंनी वळकत न्हाई म्हनलं, दादा. चाळीस मानसांम्होरं म्हनलं. मी त्येच हायती म्हनले आसते तर त्येंला सगळ्यांनी खोटं पाडलं आसतं. मारलंबी आसतं. मानूस जीव वाचवाया खोटं बोलला. त्येला मी कशी उघडं पाडू?"

"पण पुतळा? हळद?"

"हळद ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकाएकी फुटला. "बारा वरसं जिथं तिथं म्हनत आले, त्ये हायती, त्ये हायती. आन आज समोर बगून न्हवं म्हनले. माज्याच तोंडानं, दादा."

बिरूने हाक मारली. ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी बस सुटायच्या आधीच गेटवेला गेलो. अण्णा लाँचवर होता. मला बघून तो उठला नाही.

"सिदराम मेटकरी," मी म्हणालो.

बराच वेळ तो दोराची गाठ सोडत राहिला. "पयल्या वर्षी आजारी पडलो," शेवटी तो म्हणाला. "हास्पिटलात चार म्हैनं. कळवलं न्हाई, उगी काळजी करतील म्हून. दुसऱ्या वर्षी लिवीन लिवीन म्हनत ऱ्हायलं. तिसऱ्या वर्षी कोनत्या तोंडानं लिवायचं? मग रोज सकाळी त्येच. कोनत्या तोंडानं."

"लग्न केलंस का इकडे?"

"न्हाई. कुनी न्हाई."

"मग काल का नाही म्हणालास? ती बाई तुझ्याकडे काही मागत नव्हती!"

त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. "मी निगालो हुतो की तिच्याकडं," तो म्हणाला. "हात धरला तवाच माजा जीव गेला. अर्धी फेरी हुस्तवर तितंच बसलो, उटवंना. तिनं शेजारी जागा धरल्याली बगितली. मग म्हनलं, जावं. पयलं काय बोलावं सुचंना, म्हून पानी घेतलं. पानी पी म्हनायचं, मग फुडचं फुडं. टोपी काडली, म्हनलं तिला वळकाया यावं." त्याने दोराची गाठ पुन्हा हातात घेतली. "तुमी मदी आलासा."

तो रागाने म्हणाला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आज मी पासष्टीला आलो. त्यानंतर वर्षभरात मी माईक ठेवला, टेलिफोन खात्यात लागलो, तिथून निवृत्तही झालो. पण चार माणसांत कुणी मला "बोला ना तुम्ही, तुम्ही छान बोलता" म्हटलं की ते चार हातांचं अंतर समोर येतं. दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. अमावास्या, दर्भाचा पुतळा, मुलीचं लग्न आणि ती हळद. हळदीचं ऐकताना त्याने दोर खाली ठेवला.

"पोरगी येवडी मोटी झाली?" तो म्हणाला.

"अमावास्येला नऊ दिवस आहेत. आज रात्रीची गाडी धर. तू नुसता उभा राहिलास तरी पुतळा जळत नाही."

त्याने मान हलवली. पण तो गेला नाही. मी रोज प्रवासी घेऊन यायचो, तो रोज धक्क्यावर असायचा. "उद्या," म्हणायचा. अमावास्येच्या दिवशी संध्याकाळी मी लाँचवर पाऊल टाकलं तर तो हात द्यायला उभा होता, आणि हात इतका गार होता की मी दचकलो.

"आज न्हवं का ते?" त्याने विचारलं.

"आज."

"दुपारीच उरकलं आसंल," तो म्हणाला आणि मागच्या बाईचं मनगट धरायला वळला. त्या फेरीत मी माईक हातात घेतलाच नाही. लोक विचारत राहिले, हे कोणतं जहाज, ती कोणती इमारत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी अण्णा लाँचवर नव्हता. लाँच चालवणारा सारंग म्हणाला, गावाला गेलाय. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी पास्कलला जेवण घातलं. बिरूने सांगितलेली लग्नाची तारीख मला पाठ होती. हळदीच्या आदल्या दिवशी तो निघाला होता.

पाचव्या दिवशी तो परत धक्क्यावर हजर. टोपी डोळ्यांपर्यंत. मी प्रवासी चढेपर्यंत कसाबसा धीर धरला. लाँच सुटल्यावर मागच्या बाजूला त्याच्याजवळ जाऊन बसलो. आवाज खाली ठेवला.

"गेलास ना?"

"गेलो."

"मग परत का आलास?"

"मांडवाम्होरं गर्दी हुती. मी मागनं गेलो, कडब्याच्या गंजीकडनं. म्हनलं आदी हौसाला गाटावं, मग दोघं मिळून आत जाऊ. लगनाच्या आदी घरातल्या मेलेल्या मानसांला पान वाडून भायेर ठिवत्यात आमच्यात. ती त्येच पान घिऊन गंजीकडं आली. कपाळ मोकळं."

लाँच एका जहाजाच्या सावलीतून जात होती.

"घाबरली?"

"न्हाई. पान माज्याम्होरं ठिवलं. म्हनलं, हौसा, मी चलतो आत. सांगतो समद्यांला, मी जित्ता हाय. तिनं माजा हात धरून मला खाली बशिवलं. म्हनली, व्याह्यांनी सवता डोळ्यानं पुतळा जळताना बगितलाय. आता तुमी हुबं ऱ्हायलासा तर म्हनतील मेटकऱ्यांनी फसिवलं, वरात म्हागारी जाईल. पोरगीचं हुतंय ते हू द्या. तुमी जेवा म्हनली."

"आणि तू जेवलास?"

"जेवलो. बारा वरसांनी तिच्या हातचं. येवडं येवडंसं करून खाल्लं, सरू ने म्हून."

पुढे कुणीतरी मला हाक मारत होतं. गाईड, ते दीपगृह कोणतं?

"मुलीला हळद कुणी लावली मग?" मी विचारलं.

"बिरूच्या बायकूनं. गानी ऐकू येत हुती."

"हौसाबाईंनी लांबून बघितली का तरी? तेवढं तरी बघू देतात ना?"

अण्णाने टोपी आणखी खाली ओढली.

"न्हाई बगितली," तो म्हणाला. "माजं जेवान हुस्तवर ती माज्यापाशी बसून हुती."